डक्टमधलं आभाळ

सांगली-मिरजेत कुणाचं रेंडर काळं आलं, की लोक हेमांगी शिरगुप्पेला फोन लावत. रेंडर म्हणजे न बांधलेल्या घराचा फोटो. आर्किटेक्ट संगणकात आधी घर उभं करतो आणि मग संगणकालाच सांगतो, की बाबा रे, हे बांधून झाल्यावर कसं दिसेल ते काढून दाखव. गिऱ्हाईक त्या चित्रावर भाळतं, घर नंतर यथावकाश होतं. पण या चित्रांना एक जुनी खोड आहे. ती काळी येतात. जिथं कोवळं ऊन पसरायला हवं तिथं ग्रहण लागल्यासारखं दिसतं, सोफ्यावर बसलेली माणसं सुतकात असल्यासारखी वाटतात. मग हेमांगीला साकडं घालायचं, "मॅडम, तेवढा अंधार काढा की!"

आणि ती काढायची. चौदा वर्षं आर्किटेक्ट मगदूम सरांच्या ऑफिसात तिनं दुसरं काही केलंच नाही म्हणा ना. पोरांची दृष्ट काढतात तशी ही घरांचा अंधार उतरवते, फक्त मीठ-मोहऱ्या ओवाळायच्या राहिल्यात, अशी तिची थट्टा व्हायची. तिला ती थट्टा मनातून आवडायची.

२०४३ सालच्या फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळी प्रीतम लठ्ठेचा फोन आला. मिरज रस्त्यावरच्या ‘शीतल विहार’ संकुलाचा हा बिल्डर. ए विंग बांधून दोन वर्षं झाली होती, तिथं लोक राहत होते. आता बी विंग काढायची होती.

"मॅडम, स्वयंपाकघराचं चित्र बघितलंत का? स्वयंपाकघर आहे का कोळशाची वखार? गुरुवारी बुकिंग उघडतोय मी. ए विंगला कसं झकास करून दिलं होतं, तसंच करा बघू."

"चहा संपायच्या आत करते," हेमांगी म्हणाली. बढाई नव्हती ती, सवय होती.

आता हा अंधार काढतात कसा, ते जरा सांगायला हवं. उजेड खिडकीतून येतो आणि भिंतीवर आपटून उडी मारतो. पांढरी भिंत त्यातला पाचातला एक भाग गिळते आणि बाकीचा परत फेकते. तो समोरच्या भिंतीवर, तिथून छतावर, तिथून ओट्यावर. प्रत्येक उडीला थोडा थोडा गळतो. संगणकाला घाई असली की तो दोन-चार उड्या मोजतो आणि बाकीच्या सोडून देतो, मग कोपरे काळे राहतात. म्हणून पहिला उपाय, उड्या वाढवायच्या. दुसरा उपाय कॅमेऱ्याचा डोळा जास्त उघडायचा. तिसरा म्हणजे फरशी नि भिंतींचे रंग बघायचे, कुणीतरी गडद टाकून ठेवलेले असतात. आणि या तिन्हींनी भागलं नाही तर चौथा. तो कुठल्या पुस्तकात लिहिलेला नाही, पण धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक असतो. कॅमेऱ्याच्या मागे, चित्रात दिसणार नाही अशा जागी, एक दिवा लपवायचा. त्याला म्हणतात चोरदिवा.

हेमांगीनं उड्या चारच्या चोवीस केल्या. स्वयंपाकघर काळंच. कॅमेऱ्याचा डोळा उघडला, तर चित्र नुसतं राखाडी झालं. रंग बघितले, ते आधीच पांढरे होते. शेवटी तिनं खिडकीबाहेर चोरदिवा टांगला, तर ‘उजाळा’नं तो घेतलाच नाही. उजाळा म्हणजे त्यांचं सॉफ्टवेअर. त्याची नवी आवृत्ती गेल्याच महिन्यात आली होती आणि तिच्यात बोलणारा एक मदतनीस होता. तो शांतपणे म्हणाला, "हा दिवा बांधकामात कुठे बसवायचा ते सांगा. याचं वायरिंग सापडत नाही."

"अरे बाबा, तो खरा नाहीये. चित्रापुरता आहे."

"नव्या आवृत्तीत चित्रापुरतं काही ठेवता येत नाही."

"मग तुझं चित्र चुकतंय त्याचं काय? एवढं काळं कधी असतं का?"

"चित्र बरोबर आहे," मदतनीस म्हणाला. "ते स्वयंपाकघर एवढंच काळोखं असणार आहे. त्याची खिडकी डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या मधल्या उभ्या बोळात, उघडते. डक्ट सात मजल्यांचा आहे आणि रुंदी सात फूट."

हेमांगीला हसू आलं. मशीननं शहाणपण शिकवावं! "ए विंगचा नकाशा अगदी हाच आहे. डक्ट तोच, खिडकी तीच. ते कसं लख्ख आलं होतं मग?"

"ए विंगच्या डक्टमध्ये आभाळ आहे."

"काय आहे?"

"चार फूट बाय सहा फूट आभाळ. प्रत्येक मजल्यावर दोन, खिडक्यांपासून तीन फुटांवर. एकूण चौदा. सहा वर्षांपूर्वी, अकरा एप्रिलला, हेमांगी शिरगुप्पे यांच्या खात्यातून बसवलेली."

चहा तसाच राहिला. तिला ती अकरा एप्रिल लख्ख आठवली. चोरदिवा लावला की ओट्यावरच्या भांड्यांवर एक डोळ्यात खुपणारा ठिपका येत होता. म्हणून तिनं शक्कल लढवली होती. दिव्याचा प्रकार बदलून ‘आभाळ’ केला. उजेड कसा मऊ झाला, दुधावरच्या सायीसारखा! खूश होऊन तिनं तेच सगळ्या मजल्यांवर चिकटवलं. तेव्हा चित्राची फाईल वेगळी असायची आणि बांधकामाची वेगळी, त्यामुळे असलं काही केलं तरी कुणाचं काही बिघडत नसे. पण त्याच उन्हाळ्यात नवा नियम आला. एका इमारतीची एकच फाईल. तिच्यातूनच चित्र, तिच्यातूनच खिडक्यांची मापं, तिच्यातूनच उजेडाचा दाखला. नियमाचा कागद हेमांगीनंही वाचला होता, सही करून परत दिला होता. आपण चिकटवलेली आभाळं आता खरी धरली जातील, हे मात्र तिच्या डोक्यातच आलं नाही. चोरदिवा काढायचा कधी असतो का? तो दिसत नाही, म्हणून तो नसतोच, अशी या धंद्यातल्या माणसांची समजूत.

पुढचं सगळं फाईलनं बिनबोभाट केलं होतं. या स्वयंपाकघरांना उजेड उतू जातोय, असं तिला दिसलं. म्हणून तिनं चार फुटी खिडकी दोन फुटी केली. वर जाणती काच बसवली. ही काच ऊन वाढलं की स्वतःहून गडद होते, घर तापू देत नाही. काचेला फाईलनं सांगितलं, तुझ्यासमोर दिवसभर आभाळ आहे, तू गडदच राहा. समोर होती सिमेंटची भिंत. डक्टमध्ये वरून जो काही उजेड उतरतो त्याचं होतं पंगतीतल्या तुपासारखं. पहिल्या पानाला पळीभर, आणि शेवटच्या पानापर्यंत नुसता वास.

"दुसऱ्या मजल्यावर किती उजेड पोचत असेल?" तिनं विचारलं. 

"दुपारी बारा वाजता अकरा लक्स. नियमाप्रमाणे दीडशे हवेत."

दुसऱ्या मजल्यावर त्रिशला आत्या राहत होती.

हेमांगी पाच वर्षांची असताना तिची आई गेली आणि वर्षाच्या आत वडीलही. विधवा आत्यानं तिला उचलून आपल्या घरी आणली ती कायमची. आत्या म्हणजे चौगुले बाई. मुलींच्या शाळेत तेहतीस वर्षं गणित शिकवलेल्या. ‘बिनचूक’ हा त्यांचा शब्द. भाजीवाल्याचा हिशेब असो की पत्रिकेवरचा पत्ता, बिनचूक हवा. त्यांचं शामरावनगरातलं घर दर दोन-तीन वर्षांनी पुरात जायचं. ते सोड म्हणून हेमांगीनं पायाशी लोळण घ्यायची तेवढी बाकी ठेवली होती, पण बाई ढिम्म. शेवटी तिनं ते चित्र दाखवलं. ओट्यावर सायीसारखा उजेड, खिडकीत तुळस. बाई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढा उजेड असेल तर येते."

उजेडाचं कारण होतं. जैनांच्या घरात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे. पण शिरगुप्प्यांच्या घरची रीत आणखी कडक. आत्याच्या आजीनं घालून दिलेली. पानावर हात धरायचा आणि सूर्याच्या उजेडात तळहातावरच्या रेषा दिसल्या तरच घास उचलायचा. दिव्याचा उजेड चालायचा नाही. आणि पान मांडायचं ते स्वयंपाकघरात नाहीतर उघड्यावर, बसायच्या-झोपायच्या खोलीत नाही. अन्नात एखादा बारीक जीव असला तर तो दिसायला हवा ना! हेमांगीनं ती रीत कॉलेजात असतानाच सोडली होती. आत्यानं एक दिवसही मोडली नव्हती.

हेमांगीनं स्कूटर काढली आणि पावणेअकराला ती शीतल विहारच्या फाटकात होती. तेव्हा तिच्या एक गोष्ट लक्षात आली. दोन वर्षांत ती या घरी दिवसाउजेडी एकदाही आली नव्हती. ऑफिस सुटल्यावर सातला यायची, तेव्हा दिवे लागलेले असायचे. रविवारी तर आत्याच मिरजेला तिच्याकडे यायची, नऊच्या ठोक्याला, आणि गॅलरीत बसून दोन भाकऱ्या चवीनं खायची. आपल्या सहवासानं आत्याला भूक लागते, असं हेमांगी समजत होती.

लिफ्टकडे वळणार, तोच पार्किंगच्या टोकाला, कंपाउंडच्या भिंतीशी आत्या दिसली. प्लास्टिकच्या स्टुलावर बसली होती, मांडीवर डबा. शेजारी त्याच इमारतीतल्या मुजावर वहिनी तांदूळ निवडत होत्या. आत्यानं उजवा हात डब्यावर धरला, निरखला, आणि भाकरीचा तुकडा मोडला. उन्हात तिचं मनगट एवढंसं दिसत होतं. कधी झाली ही एवढी बारीक?

"अगंबाई, तू? या वेळेला? नोकरीबिकरी गेली की काय?" आत्या म्हणाली.

"तू इथं का जेवतेस?"

"वारा असतो इथं."

"आत्या."

"वारा असतो म्हटलं ना."

मुजावर वहिनींना राहवलं नाही. "वारा कसला ताई! गॅलरी नाही आम्हाला, आणि स्वयंपाकघरांत दिवसा डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही. मी पण खालीच येते निवडायला. दिवसभर लाइट जाळते म्हणून सासू माझ्या नावानं खडे फोडते. बाई तर पावसाळ्यात चार-चार दिवस नुसत्या दुधावर राहिल्या. सोपं आहे होय, दोन जिने उतरून यायचं, डबा सांभाळत? लिफ्ट कुठं रोज चालू असते."

"झालं तुमचं पुराण?" आत्या वहिनींवर डाफरली. पण वहिनी तांदळाचं ताट घेऊन उठल्यावर तिचा आवाज खाली आला. "हे बघ, घराला दोष नको देऊ. दोष माझ्या डोळ्यांचा आहे. तीन डॉक्टर केले. तिघेही म्हणतात डोळे ठणठणीत. काय कळतं त्यांना! थेंब घालतेय, गाजरं खातेय, पण स्वयंपाकघरात गेलं की अंधारतंच."

"तुला असं का वाटलं नाही, की घरातच अंधार असेल?"

आत्यानं तिच्याकडे असं बघितलं, जणू वर्गात एखाद्या हुशार मुलीनं पाचाचा पाढा चुकवला होता. "मी चित्र बघितलं होतं की! तू काढलेलं. त्यात उजेड होता."

हेमांगीला भडभडून आलं. तिथंच सांगून टाकावं, असं जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं. पण आत्याच्या हातात घास होता, आणि त्या घासासाठी ती दोन जिने उतरून आली होती. जेवण होऊ दे, मग सांगू, असं हेमांगीनं स्वतःला सांगितलं. मग आत्या म्हणाली, आता जरा पडते. आणि हेमांगी न सांगताच परतली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय असतं, ते तिला परतीच्या वाटेवर पुरेपूर कळलं. प्रत्येक इमारतीची प्रत्येक खिडकी आपल्याकडेच बघतेय, असं तिला वाटत होतं.

मगदूम सरांना तिनं सगळं सांगितलं. सुकुमार मगदूम माणूस वाईट नव्हता. हेमांगीला काम त्यांनीच शिकवलं होतं, आणि खरं सांगायचं तर चोरदिवा लावायलाही त्यांनीच. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले.

"तू तक्रार केलीस तर काय होईल ते ऐक," ते म्हणाले. "ए विंगचा उजेडाचा दाखला रद्द होईल. काचा आठवड्यात सुधारतील, पण खिडक्या फोडून मोठ्या कराव्या लागतील, आणि डक्टची एक बाजू पाडावी लागेल. सहा महिने धूळ. लोक आपल्याला शिव्या घालतील, आणि रास्त घालतील. तुझा परवाना जाईल. दोन वर्षं तरी चित्राला हात लावता येणार नाही. पंचेचाळिशीत काय करणार तू?"

"आणि नाही केली तर?"

सरांनी कपाटातून एक चपटी पेटी काढली. सूर्यपट. हे नवं यंत्र मोठ्या शहरांत तळघरांसाठी वापरत. पातळ पडदा, खिडकीच्या चौकटीत बसवायचा. गच्चीवरचा एक छोटा डोळा आभाळ बघतो, आणि जसं बाहेर ऊन असेल तस्सा उजेड पडदा आत टाकतो. सकाळी पिवळसर, दुपारी पांढरा, ढग आला की मंद. उघड्या डोळ्यांना फरक कळत नाही.

"चौदा घरांना आपल्यातर्फे भेट द्यायची. खिडकीची सुधारणा म्हणून. उजेड मिळाला, लोक खूश, झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणाचं नुकसान आहे यात? पहिला तुझ्या आत्याकडे बसव."

हेमांगीला हवं होतं तेच सर बोलत होते. बुधवारी दुपारी साडेतीनला ती तंत्रज्ञाला घेऊन आत्याकडे गेली. "खिडकी सुधारतोय," एवढंच म्हणाली. अर्ध्या तासात काम झालं. तंत्रज्ञ गेला. हेमांगीनं बटण दाबलं.

आणि अहाहा, काय सांगू! स्वयंपाकघर भरून गेलं. ओट्यावर कलती उन्हं पडली, फडताळातले डबे चमकले, भिंतीवर पातेल्याची लांब सावली आली. सहा वर्षांपूर्वीचं चित्र जसंच्या तसं समोर उभं होतं.

आत्या दारातच थांबली. मग हळूहळू आत आली, एकेका डब्याला हात लावत. तिनं तळहात डोळ्यांसमोर धरला. "दिसतंय," ती म्हणाली. "हेमा, दिसतंय गं मला! डोळे आले माझे!" आणि तेहतीस वर्षं मुलींना चळाचळा कापायला लावणारी ती बाई लहान पोरीसारखी रडायला लागली. रडता रडताच तिनं मुगाची आमटी गरम केली, भाकरी काढली, ओट्यापाशी पाट मांडला. दोन वर्षांत पहिल्यांदा ती आपल्या घरात आपल्या ओट्यापाशी जेवायला बसत होती. "तू पण बस," म्हणाली. "आज चार घास जास्त जातील."

हेमांगी बसली नाही. उभीच राहिली. किती सोपं होतं! आत्या जेवणार, अंगाला मांस लागणार, कुणाला काही कळणार नाही. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलायचं कुणाला? ही रीत तरी काय, एका म्हातारीनं दुसरीला लावून दिलेली. उजेड तो उजेड. पण आत्यानं पानावर हात धरला, रेषा बघितल्या, डोळे मिटून काही पुटपुटली आणि घास मोडला. तिचा तो विश्वास हेमांगीला बघवेना. डोळ्यांवर नव्हता तिचा विश्वास. डॉक्टरांवर नव्हता. तो सगळा हिच्यावर होता. आणि हिनं त्याचा एकदा नकळत घात केला होता, आता जाणूनबुजून करत होती.

घास ओठांपाशी पोचला तशी हेमांगीनं पुढं होऊन आत्याचा हात धरला.

"थांब. खाऊ नकोस. तो सूर्य नाहीये. दिवा आहे."

आत्याचा हात तिच्या हातात तसाच राहिला. आमटीचा थेंब ओघळून पानात पडला. हेमांगीनं बटण बंद केलं. चार वाजता बाहेर ऊन रणरणत असताना ते स्वयंपाकघर एका क्षणात विहिरीसारखं झालं. त्या अंधारात तिनं सगळं सांगितलं. चोरदिवा, आभाळ, दोन फुटी खिडकी, गडद काच, सूर्यपट, सर काय म्हणाले ते, आपल्याला ते किती पटलं होतं तेसुद्धा. तोंड दिसत नव्हतं म्हणून सांगता आलं. "तुझे डोळे कधीच बिघडले नव्हते गं," ती म्हणाली. "बिघडवलं मी. तू हो म्हणावंस म्हणून मी उजेड जास्तच टाकला होता. तू आली असतीस ना, थोडा कमी असता तरी?"

पान झाकून ठेवल्याचा आवाज आला. 

"गाजरं," ती शेवटी म्हणाली. "मला गाजर मुळीच आवडत नाही. दोन वर्षं खाल्ली मी."

हेमांगीला हसावं की रडावं कळेना.

"अशी किती घरं आहेत?"

"चौदा."

"मग माझ्या एकटीलाच का सांगतेस?" आत्याचा आवाज वर्गातला झाला होता. "मुजावरांची सून रोज बोलणी खाते, ते तुझ्यामुळं. वरचे कांबळे तीनदा भिंती रंगवून बसले. प्रत्येकाला वाटतंय आपलंच काहीतरी चुकतंय. उत्तर चुकलं की आधी पाटीवर लिहायचं, सगळ्यांसमोर. विसरलीस?"

"माझा परवाना जाईल, आत्या."

"जाईल," आत्या म्हणाली. "मला फार वाईट वाटेल. पण जाईल."

त्या दिवशी आत्यानं ते पान गाईला घातलं आणि रात्रभर उपाशी राहिली. तिला खाली उन्हात चल म्हणायचं धाडस हेमांगीला झालं नाही. तीही जेवली नाही. घरी जाऊन तिनं फाईल उघडली आणि डक्टमधली चौदाच्या चौदा आभाळं एकेक करून पुसली. मग दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराचं रेंडर काढलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं एक चित्र काळं येऊ दिलं.

गुरुवारी सकाळी साडेनऊला ए विंगचे लोक पार्किंगमध्ये जमले. आत्यानं घराघरांत जाऊन बोलावलं होतं, आणि चौगुले बाईंनी बोलावल्यावर न येण्याची कुणाची टाप नव्हती. हेमांगीनं चित्र भिंतीला लावलं. माणसं पुढं सरकून बघायला लागली. मुजावर वहिनी आपल्या सासूचा हात धरून तिला समोर घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बघा अम्मी. बघा, असंच दिसतं का नाही आपल्याकडं?" म्हातारी बराच वेळ बघत होती. मग तिनं सुनेच्या पाठीवर हात ठेवला. कांबळे मात्र भडकले. हेमांगीला जे बोलायचं ते बोलले, तोंडाला येईल ते बोलले. तिनं मान खाली घालून ऐकलं. बोलण्याला अर्थ होता, राग खरा होता. प्रीतमचे सात फोन येऊन गेले, मगदूम सरांचा एकच. तो तिनं घेतला. सर म्हणाले, "केलंस शेवटी." फोन मात्र लगेच ठेवला नाही.

तक्रार राहणाऱ्यानं करावी लागते, तरच खिडक्या मोठ्या करायचा हुकूम निघतो. फॉर्म चार पानी होता. आत्या उन्हात बसली, म्हणाली, "मी सांगते, तू लिही. अक्षर तुझं चांगलं आहे."

"मीच लिहू? माझ्याविरुद्ध?"

"दुसऱ्या कुणाला फाईलमधलं कळणार आहे? लिही. बिनचूक लिही."

तिनं लिहिलं. तारीख, मजला, खिडकीचं माप, अकरा लक्स. चूक कुणाची, या रकान्यापाशी पेन अडलं. आत्यानं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, सावकाश, हजेरी घेतल्यासारखं. हेमांगीनं लिहिलं. खाली एक बारीक ओळ होती : तक्रारदाराचं त्या व्यक्तीशी नातं असल्यास नमूद करावं. तिनं ‘भाची’ लिहिलं आणि फॉर्म सहीसाठी आत्यापुढं केला.

आत्यानं चारही पानं पहिल्यापासून वाचली. एका ठिकाणी राहिलेला काना दाखवला, तो दुरुस्त करून घेतला. मग स्वतः पेन घेतलं, ‘भाची’वर एक सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘मुलगी’.

"आत्या, अगं सरकारी कागद आहे," हेमांगी कशीबशी म्हणाली. "हे चुकीचं ठरेल."

"ठरू दे," चौगुले बाई म्हणाल्या. "विचारायला येतील तेव्हा मी बघून घेईन." आणि त्यांनी खाली सही केली.